हातभर कापड

वास आधी आला. कापड नंतर दिसलं. बेरमेतनं टेबलावर बोचकं ठेवून गाठ सोडली मात्र, दामिराच्या पोटात सकाळपासून जे काही होतं, कढत चहा, पावाचा तुकडा, चमचाभर साय, ते सगळं उठून गळ्याशी येऊन उभं राहिलं, बाहेर काय चाललंय ते बघायला आल्यासारखं. आर्चाच्या लाकडाचा वास, ज्याची आपल्याकडं दृष्ट काढायला धुरी देतात त्या झाडाचा. त्याखाली कसर लागू नये म्हणून घातलेल्या अक्रोडाच्या पाल्याचा. आणि अगदी तळाशी, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीचा तो थंड, किंचित गोडसर वास, ज्याला कुठल्याच भाषेत नाव नाही. दामिराच्या नाकाची कोच्कोर गावात मोठी कीर्ती होती. पाच वर्षांची असताना डोंगरापलीकडं कुणीतरी मेंढी कापतोय हे तिनं अंगणात बसल्या बसल्या सांगितलं होतं म्हणे, आणि मेंढी कुणाची तेही. हे सांगणाऱ्यांत ती मेंढी पाहुण्यांना चुकवून कापणारा स्वतः होता, तेव्हा खोटं कसं म्हणायचं? पण बावन्नाव्या वर्षी असलं नाक म्हणजे अंगाला चिकटलेला शत्रूच. आणि शहर तर बिश्केक, महिना मार्चचा, घराघरांतून अजून कोळसा जळत होता, आणि शाळा अशा वस्तीतली की जिच्या पाठीमागं अख्ख्या शहराचा कचरा येऊन पडायचा, जळायचा, धुमसायचा आणि पुन्हा नवा येऊन पडायचा.

अशा शाळेत ती काय शिकवायला आली होती? टाकाऊतून टिकाऊ. अंगावर घालायची कला. दहा दिवस एका शाळेत, मग दहा दिवस दुसऱ्या, पाहुण्या कलावंताचा बिल्ला गळ्यात आणि चाकांची बॅग हातात. बॅगेत लोकर, साबणाच्या वड्या, कात्र्या, आणि प्लास्टिकच्या खोळीत तिचा तो बक्षिसाचा झगा. पहिल्या दिवशी तिनं सवयीनं सांगितलं होतं, मुलांनो, उद्या येताना घरातला कचरा घेऊन या, बाटल्या, पिशव्या, झाकणं, आपण त्याचा पोशाख करू. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं, "आणायचा कशाला, एजे? खिडकी उघडा, तोच येईल." वर्ग खिदळला. एजे म्हणजे थोरली बहीण, शिक्षिकेला तसंच म्हणतात, पण त्या दिवशी त्या 'एजे'ला असा काही कडवट वास होता की तिला वाटलं, ही पोरं आपल्याला आरपार बघतायत. डायरेक्टर रोझा जुमाबेकोव्ना मात्र खूश होत्या. या बाईंच्या भाषणात म्हणे एकदा सामोवार दोनदा उकळून दोनदा गार झाला होता. त्या म्हणाल्या, "दामिरा सातिबाल्दीयेव्ना, नौरूझच्या सणाआधी कार्यक्रम. शिक्षणखात्याची माणसं येणार, खर्च देणारे सरबत कंपनीवाले येणार. आपल्या मुलांनी कचऱ्याला नाक मुरडू नये, त्याच्यावर प्रेम करावं, हा संदेश गेला पाहिजे." त्यांनी स्वतःच्या नाकावर अत्तर शिंपडलेला रुमाल धरला होता.

तर आता आठवा दिवस. वर्गात गरम गोंदाचा धूर, सरबताच्या चिकट बाटल्या, कुणाच्या तरी ओल्या बुटांचा उबट दर्प, आणि कोपऱ्यात ओली लोकर मळत बसलेल्या चार मुली. ओल्या लोकरीचा वास म्हणजे ओल्या कुत्र्याचा वास, अधिक चरबी, अधिक लेंडी. लहानपणी तो तिला आईचाच वास वाटायचा, कारण आई वर्षभर लोकर मळून नमदे, जाड बिछायती, करायची आणि तिच्या कोपरांपर्यंत तो मुरलेला असायचा. अलीकडं काही वर्षं तो वास आला की दामिराच्या तोंडाला पाणी सुटायचं, भुकेचं नव्हे, दुसरं. ती हातमोजे घालून शिकवायची. सांगायची की कातडीला ॲलर्जी आहे. नमदा शिकवणारी बाई, आणि नमद्याची शिसारी. दारूच्या दुकानदाराला दारू वर्ज्य असावी तसं, पण त्याला निदान पुण्य तरी लागतं.

"हे कुठून आणलंस?" तिनं विचारलं. हातमोजे काढले होते. कधी काढले ते तिला कळलं नव्हतं.

बेरमेत चौदा वर्षांची, हाडकुळी, वेणी घट्ट घातलेली, स्वेटरची कोपरं रफू केलेली. आई मॉस्कोत फरश्या पुसते, इकडं ही आणि आजी. आठ दिवसांत पोरगी आठ वाक्यं बोलली नव्हती. बाकीच्यांनी झाकणांची चिलखतं केली, पिशव्यांचे घागरे केले. हिनं एका बाटलीचं बूड कापलं आणि ते हातात धरून बसून राहिली.

"आपानं दिलं," ती म्हणाली. आपा म्हणजे तिची आजी.

"स्वतःहून?"

"तुमच्या आईनं नाही का तुम्हाला दिलं? तसंच." आणि तिनं फळ्याकडं बोट केलं. फळ्याच्या खिळ्यावर दामिराचा झगा टांगलेला होता, रोज असायचा तसा, नमुना म्हणून.

मागून कुणीतरी बोललं, "अगं बाटल्या संपल्या काय तुमच्याकडं? तुमच्या तर दारातच डोंगर."

बेरमेत वळली नाही. टेबलाकडं बघतच म्हणाली, "म्हणूनच. मला ते अंगावर नको. सकाळी उठले की तेच दिसतं, केसांना तोच वास. आईला फोनवर कार्यक्रम दाखवणार आहेत. तिला मी पिशवी घातलेली दिसायला नको." मग हळूच, फक्त दामिराला ऐकू जाईल असं, "पांढरं नाही आणलं मी, एजे. पांढरं तसंच ठेवलंय पेटीत. तेवढं कळतं मला."

तेवढं कळत होतं. पांढरं म्हणजे कफनाचं, हे शहरातल्या पोरीलाही कळतं. पण त्याच्या खाली घड्या घातलेलं जे रंगीत असतं, मखमल, फुलांची साटीन, पट्ट्यापट्ट्यांचं रेशीम, ते कशासाठी, हे तिला कुणी सांगितलंच नसेल. कारण शहरातल्या मयताला आता तयार रुमाल वाटतात, बारा-बारांची पाकिटं असतात, बाजारात मिळतात. पूर्वी, आणि डोंगरात अजूनही, पिकलं पान गळालं की त्याच्या पेटीतलं कापड बाहेर काढायचं, कात्री न लावता दातानं चीर द्यायची, फाडायचं, आणि आलेल्या प्रत्येक माणसाच्या हातावर हातभर तुकडा ठेवायचा. त्याला झिर्तिश म्हणतात. माणसं तो दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात, या माणसाचं वय आम्हाला लाभो म्हणतात, आणि घरी नेऊन गोधडीत शिवतात. म्हातारी बाई तरुणपणापासून ते कापड जमवते. इकडून तिकडून, बाळंतपणाचं, लग्नातलं, बक्षिसाचं. अंगाला लावत नाही. स्वतःसाठी बाईनं आयुष्यात ठेवलेली ती एकच गोष्ट, आणि तीही वाटून टाकण्यासाठी.

दामिराला हे पक्कं माहीत होतं. म्हणजे आता बोचकं बांधायचं, पोरीच्या हातात द्यायचं, आणि म्हणायचं, जा, होतं तिथं ठेवून ये. एवढंच. वाक्य तयार होतं. जिभेवर आलंही होतं, आणि तिथं त्या चहा-पावाच्या आंबूस गोळ्याशी त्याची गाठ पडली. कारण हे वाक्य बोलायचं तर फळ्यावरच्या झग्याकडं पाठ करून बोलावं लागलं असतं. तिनं कापडाची वरची घडी उलगडली. डाळिंबी मखमल, कडेला थोडी विटलेली. तिच्याखाली पातळ रेशीम, फेर्गाना खोऱ्याकडचं, आकाशी आणि पिवळं, पाण्यात रंग सांडावा तसं. बोटांना ते कळलं. बोटं लबाड असतात. माणूस लाजतो तेव्हाही ती लाजत नाहीत. कापडाची उभी बाजू कुठली, आडवी कुठली, ते कुठं पडेल, कुठं फुलेल, हे त्यांनी बघून घेतलं. अकरा वर्षांपूर्वीही असंच बघून घेतलं होतं.

तेव्हा आई पुढच्या खोलीत होती, जमिनीवर, पडद्याआड, गार. बाहेर बाया हेल काढून रडत होत्या, प्रत्येक नवा पाहुणा फाटकाशी आला की पुन्हा पहिल्यापासून. दामिरा मागच्या खोलीत पेटीसमोर गुडघे टेकून बसली होती. थोरल्या वहिनीनं किल्ली देऊन सांगितलं होतं, पांढरं काढ आणि झिर्तिशचं काढ. तिनं पांढरं काढलं. मग रंगीत काढलं आणि तिथंच थांबली. आईनं इतकं जमवलंय हे तिला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आई दरवर्षी ऊन द्यायला ते दोरीवर टाकायची आणि बाया कुंपणाशी थांबायच्या. पण हातात घेऊन तिनं ते कधी बघितलंच नव्हतं. तीस वर्षांचं रेशीम. आणि हे आता फाडायचं? हातभर हातभर? ज्या माणसांची नावंही नीट माहीत नाहीत त्यांच्या चुलीशेजारच्या गोधड्यांत घालायचं? बाहेरून हाक आली. तिनं ते बॅगेत भरलं, आणि वहिनीला म्हणाली, कसर लागलीय, कुजलंय सगळं, चुलतभावाला बाजारात पाठव. तो निळ्या नायलॉनच्या रुमालांचा गठ्ठा घेऊन आला. तिनं ते स्वतःच्या हातानं वाटले. घामेजल्या तळव्यांना तो नायलॉन चिकटायचा, घेणाऱ्यांच्याही. मयतात बोलत नाहीत. माणसांनी ते निळं, सुळसुळीत, बाजाराच्या रॉकेलचा वास येणारं काहीतरी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि तिच्याकडं बघितलं. पुढच्या हिवाळ्यात तिनं झगा केला. रेशमावर कच्ची लोकर पसरायची, साबणाचं कढत पाणी शिंपडायचं, आणि चटईत गुंडाळून कोपरांनी मळत राहायचं, तासन्‌तास, जोवर लोकरीचे केस कापडाच्या विणीतून आरपार जाऊन पलीकडं एकमेकांना धरत नाहीत. मग ते दोन राहत नाहीत. झग्याला परदेशात बक्षीस मिळालं. मंचावर तिनं सांगितलं, हे माझ्या आईनं मला दिलं. टाळ्या वाजल्या. त्यानंतर किती शाळांत सांगितलं असेल? शंभर धरा. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की आताशा तिला ते आठवायचंसुद्धा, आई पेटी उघडून हसत देतेय असं. आणि त्या आठवणीतल्या आईला कसलाच वास नसायचा. त्यावरूनच ती ओळखायची.

"एजे, कापू?" बेरमेतनं विचारलं. तिच्या हातात कात्री होती.

"आण इकडं," दामिरा म्हणाली. "तू वाकडं कापशील."

आणि तिनं कापलं. मखमलीतून कात्री जाताना जो आवाज येतो तो दाढेखाली वाळू आल्यासारखा असतो. तो आवाज संपेपर्यंत तिनं श्वास रोखून धरला होता, नंतर मधल्या सुट्टीत मुलींच्या संडासात जाऊन ती मनसोक्त ओकली, आणि नळाला पाणी नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी ती बेरमेतच्या घरी गेली. सांगायलाच गेली होती. बाकी काही म्हणा, पण गेली होती सांगायलाच. रस्ता म्हणजे राख आणि चिखल, दोन्हींकडं कुंपणांना अडकलेल्या पिशव्या वाऱ्यानं फुगलेल्या, जणू डोकी नसलेली माणसं श्वास घेतायत. जिभेवर जळक्या रबराची चव. घर बुटकं, एका खोलीचं, पण आत शिरताच स्वच्छ. नमदा अंथरलेला, भिंतीशी पेटी, आणि पेटीवर छतापर्यंत रजयांची चळत. त्या चळतीला बोटही लागलेलं नव्हतं. पोरीनं रजया न हलवता पेटीच्या कडेच्या फळीचे खिळे काढले होते. किल्ली म्हातारीच्या गळ्यातच होती. हे बेरमेतनंच तिला सांगितलं होतं, कालच, कापड कापून झाल्यावर, रडत. तेव्हा दामिरानं तिला जवळ घेतलं नव्हतं. शाब्बास म्हणावं की थोबाडीत मारावी, हे तिला ठरवता आलं नव्हतं.

म्हातारीचं नाव काल्बूबू. एक्याऐंशी वर्षांची. एक डोळा दुधाळ, दुसरा सुईसारखा. ती उठली नाही, बसल्या जागेवरून दामिराचे दोन्ही हात ओढून घेतले आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या करतात तसं, मुका न घेता, तळव्यांचा खोल वास घेतला. जरा वेळ लावला.

"ये बाई, बस वर. शाळेतली कलाकार तू. पोरगी सांगते, कचऱ्याचे कपडे शिवायला शिकवतेस."

"हो, आपा."

"आम्ही गरिबांनी कचऱ्यातून बाहेर यायला जन्म घालवला. तू पोरांना परत आत ढकलतेस काय गं?" आणि दात नसलेलं तोंड उघडून हसली. "चेष्टा केली. चहा घे. बोरसोक घे, कालचे तळलेले आहेत पण दगड झालेले नाहीत, दात असतील तर खा. कुणाची तू?"

हा प्रश्न आपल्याकडं जन्माआधी विचारतात आणि मेल्यावरही विचारतील. त्याचं उत्तर माणूस विचार करून देत नाही, शिंकेसारखं येतं. "कोच्कोरची. सातिबाल्दीची."

"म्हणजे उपेलची लेक."

"हो."

म्हातारीनं चहा ओतला. अर्धी वाटी, मानाची. साय घातली. ढवळलं. सायीचा पापुद्रा वाटीच्या कडेला चिकटला, आणि दामिराला त्याच्याकडं बघवेना.

"उपेलच्या मयताला मी होते. तुला आठवायचं नाही, तिथं तीन खोऱ्यांतली माणसं होती." आपल्या देशात माणसं थोडी आणि मयतं फार, कोण कुणाच्या मयताला गेलेलं निघेल याचा नेम नसतो. "भली बाई. तिचं कापड मी दोरीवर बघितलेलं. रस्त्यानं जाताना घोडासुद्धा थांबायचा. मी मनात म्हटलं होतं, हिच्यामागं मी जगले तर हातभर मिळेल मला ते पिवळं. माणसाला काय काय हाव असते बघ, दुसऱ्याच्या मरणाची. आणि मिळालं काय? नायलॉन! कपाळाला लावायला गेले तर केसांना चिकटून बसलं. चट्‌चट् ठिणग्या. मी म्हटलं, उपेल रागावली बाई, चावायला लागली."

दामिरा हसली. हसू कुठून आलं कुणास ठाऊक, पण ते तिच्या तोंडावर येऊन वाळलं. "मग काय केलंत त्याचं?"

"टाकायचं कसं? मेलेल्या माणसाचं. चूल पुसते. चांगलं पुसतं हो, अकरा वर्षं झाली तरी फाटत नाही." मग तिनं पुन्हा चहा ओतला आणि पेटीकडं हनुवटी करून म्हणाली, "माझ्यामागं तसं नको. माझं आहे त्यात. थोडकं आहे, पण खरं आहे. या वस्तीत सगळे हात काळे. एकदा तरी त्या हातांवर रंग पडू दे."

आता. आता सांगायचं होतं. आपा, ते त्या पेटीत नाही. आपा, कात्री मी चालवली. खिडकीच्या काचेवर राखेचा थर होता, त्यातून येणारा उजेड शिळ्या चहासारखा, आणि त्या उजेडात म्हातारीचा सुईसारखा डोळा तिच्यावर रोखलेला. दामिरानं तोंड उघडलं.

"उद्या शाळेत या, आपा," ती म्हणाली. "बेरमेतचा कार्यक्रम आहे. तुम्ही आलंच पाहिजे."

बघेल ती स्वतःच. आपल्याला सांगावं लागणार नाही. गटारात पाय पडला तर माणूस दुसरा पाय कोरडा ठेवायला धडपडतो, तसला तो विचार. आणि दारातून बाहेर पडताना तिला स्वतःचीच किळस आली, ती साधी मळमळ नव्हती, तिला अंगच नव्हतं, ती ओकता येत नव्हती.

शाळेच्या जेवणघरात टेबलं बाजूला सारून मंच केला होता. भिंतींना कोबीच्या रश्श्याचा जुना वास, त्यावर सरबतवाल्यांनी वाटलेल्या गुलाबी सरबताचा, त्यावर रोझा जुमाबेकोव्नांच्या अत्तराचा. पुढच्या रांगेत शिक्षणखात्याची माणसं, मागं आईबाप, स्वैपाकीण, झाडूवाली, आणि अगदी मागं उभे कचऱ्यावर काम करणारे, टोप्या हातात. मंचाच्या एका कडेला लाकडी स्टँडवर दामिराचा झगा, दिव्याखाली. मुलं आली, गेली. झाकणं खुळखुळली. पिशव्या सळसळल्या. एक मुलगा बाटल्यांच्या चिलखतात इतका घामेजला की चालताना आत पाणी हलल्याचा आवाज आला. पुढची रांग प्रत्येकाला हसून टाळ्या देत होती, आणि दामिराला त्या टाळ्याही चिकट वाटल्या. काल्बूबू आपा तिसऱ्या रांगेत बसली होती, डोक्याला पांढरा रुमाल, हात बाह्यांत खुपसलेले.

मग बेरमेत आली. वर्गशिक्षिकेनं फोन उंच धरला, त्यात मॉस्कोतली आई एवढीशी. डाळिंबी मखमल, खांद्यावरून आकाशी-पिवळं रेशीम पाण्यासारखं उतरलेलं. सुंदर होतं, चोरलेलं असूनही सुंदर होतं, हीच तर त्यातली घाण. पोरीनं मान वर केली, तिसऱ्या रांगेकडं बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला, कारण तिची आपा उठून मंचाकडं चालत होती.

म्हातारीला दोन पायऱ्या चढायला वेळ लागला. वर येऊन तिनं नातीला नखशिखान्त बघितलं.

"रडू नकोस. छान दिसतेस," ती म्हणाली. "आता हलू नको."

आणि नातीच्या पोशाखाचं टोक तोंडात धरलं. दात नव्हते, हिरड्यांनीच चीर दिली, आणि दोन्ही हातांनी ओढलं. फर्र्कन आवाज झाला. पुढच्या रांगेतली एक बाई टाळ्या वाजवत म्हणाली, "वा! काय कल्पना आहे!" पण मागच्या रांगांत लोक उभे राहिले होते. त्यांनी तो आवाज ओळखला होता. म्हातारी फाडत गेली, गोल, खालून वर, सफरचंद सोलावं तसं, आणि पहिला तुकडा तिनं पोरीच्याच मनगटाला बांधला, दुसरा त्याच्यावर. "हा तुझ्या आईचा. बघतेस ना गं तिकडून? तुझा वाटा राखला." मग ती खाली उतरली. मंचावर बेरमेत शाळेच्या स्वेटरमध्ये उभी राहिली, खांद्यावर पिवळ्याचा एक धागा.

"आपा, तुम्ही तर जिवंत आहात!" स्वैपाकीण म्हणाली, आणि तरीही दोन्ही हात पुढं केले.

"तर काय! मेल्यावर कोण कुणाचं बघायला येतं? आता निदान मोजून घेते, कोण कोण आलं."

कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. माणसं तुकडे कपाळाला लावत होती, "तुमचं वय लाभो," म्हणत होती. डायरेक्टरबाईंनी अत्तराचा रुमाल खिशात घालून तुकडा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. सातव्या रांगेला कापड संपलं. मागं भिंतीशी उभे असलेले, काळ्या हातांचे, तसेच ओंजळी पुढं करून उभे.

म्हातारी दामिरासमोर आली. तिचे हात रिकामे होते.

"काल तुझ्या तळव्यांना माझ्या पेटीचा वास आला," ती हळू आवाजात म्हणाली. "तू गेलीस आणि मी रजया उतरवल्या. मला वाटलं होतं, चहा संपेपर्यंत तरी सांगशील. मी दोनदा ओतला." मग बाहीतून तिनं ते काढलं. निळं म्हणण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. काजळी, चरबी, करपलेलं दूध. मध्येच जळून आक्रसलेलं, चकचकीत. "तुझं आहे. घे."

दामिरानं दोन्ही हात पुढं केले. आणखी काय करणार? नायलॉन तळव्यांवर पडला, ओशट, किंचित उबदार, म्हातारीच्या अंगाचा. तिनं तो कपाळाला लावला. चट् असा बारीक आवाज झाला, आणि तो तिथं चिकटून राहिला. सोडवायला हात उचलला नाही तिनं. तशीच चालत ती मंचावर गेली, स्टँडवरून आईचा झगा काढला आणि मागच्या भिंतीशी त्या ओंजळींसमोर जाऊन उभी राहिली. कुणी ओंजळ मागं घेतली नाही. तिनं झग्याचं टोक तोंडात धरलं, दात रोवले आणि ओढलं.

लोकर तोंडात आली. साबण, धूळ, शंभर शाळांचे हात, आणि खाली, फार खाली, अकरा वर्षं तिला न आलेला आईच्या कोपरांचा वास. तिनं मान हिसडून ओढलं. कापड तसूभरही फाटलं नाही. तिनंच ते मळलं होतं, एक हिवाळाभर, लोकरीचा केस न्‌ केस विणीतून आरपार घालून. आता ते दोन नव्हतं, ते कुठून फाटणार? माणसं थांबली होती. तिनं जागा बदलली, बाही घेतली, पुन्हा दात लावले. हिरडीतून रक्त आलं. समोर कचऱ्यावरच्या एका माणसाच्या दोन काळ्या तळहातांचा पाळणा, हलत नव्हता. तिनं पुन्हा ओढलं.